पांढरी बशी

८ फेब्रुवारी. सातपूरच्या एका लग्नाचे फोटो पुन्हा दुरुस्त करायला घेतले आहेत. पांढरी साडी निळी आली, अशी नवरीच्या आईची तक्रार आहे.

लग्न बौद्ध पद्धतीचं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, मागे पंचशील ध्वज, टेबलावर मूर्ती, तसबीर आणि मेणबत्त्या. हॉल बंदिस्त होता. छताला गुलाबी कापड, कडेने एलईडीच्या पट्ट्या, स्टेजवर पिवळे फोकस. असल्या हॉलमध्ये पांढरं काहीही पांढरं राहत नाही. कुठली ना कुठली झाक चढतेच. ती झाक काढणं हा माझा धंदा आहे आणि तो मी अर्धं आयुष्य करत आले आहे. म्हणून आज दुपारी त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी जरा तोऱ्यातच बोलले.

"मॅडम, साडी पांढरी होती हो. यात नीळ जास्त झाल्यासारखी दिसतीय."

"ताई, तुम्ही मोबाईलवर बघताय ना? मोबाईलचा रंग खरा नसतो."

"मोबाईलवर नाही. अल्बम पुढ्यात आहे माझ्या. साडीपण पुढ्यात आहे."

"मग घरातल्या ट्यूबमुळे वाटत असेल. आणि कसं आहे ताई, तुमची नजर अजून बसलेली नाही."

हे बोलले आणि माझं मलाच ओळखू आलं. हे वाक्य माझं नाही. ते काकांचं आहे. ज्या माणसाच्या तोंडून ते मी हजारदा ऐकलं आणि ज्याला त्याची जबर किंमत मोजावी लागली, त्याचं. "बघते मी," असं म्हणून फोन ठेवला.

काका म्हणजे आमचे मालक. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ पहिल्या मजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. खाली टायरचं दुकान, समोर ट्रॅव्हल्सच्या गाड्या, दिवसभर हॉर्न. मी तिथे लागले ती छंद म्हणून नव्हे. नवऱ्याच्या कंपनीत पाळ्या, घरात दोन लहान मुली, आणि मला दिवसा बसून करायचं काम हवं होतं. कॉम्प्युटर येत होता. काकांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "ती समोरची भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"नीट बघा."

"पांढरीच आहे."

"खालचा टेम्पो पिवळा आहे. ऊन त्याच्यावर पडतं आणि भिंतीवर उडतं. भिंत पिवळी आहे, बाई. तुमची नजर अजून बसलेली नाही. उद्यापासून या."

ते सगळ्या बायकांना बाई म्हणत. सात वर्षांच्या मुलीलाही. आणि स्वतः कायम करड्या शर्टात असत. रंगीत शर्ट घालून नवरीपुढे उभं राहिलं की शर्टाचा रंग तिच्या गालावर पडतो, असं त्यांचं म्हणणं. मलाही कॉम्प्युटरपुढे बसताना करडा अ‍ॅप्रन सक्तीचा होता. कितीही चांगली साडी नेसून गेलं तरी वरून अ‍ॅप्रन. शाळेतल्या शिपायासारखी दिसायचे. माझ्या खोलीच्या भिंतीही त्यांनी करड्या करून घेतल्या होत्या. रंगारी विचारत होता, "काका, गोडाऊन करताय का?"

लग्नघरी गेले की नमस्काराच्या आधी ते दिव्यांची बटणं शोधत. एका खोलीत बल्बपण आणि ट्यूबपण, हे त्यांना सहनच होत नसे. बल्ब पिवळा, ट्यूब हिरवट, म्हणजे नवरीचा एक गाल एकीकडचा आणि दुसरा दुसरीकडचा. ते सरळ ट्यूब बंद करत. स्वयंपाकघरातून बायका ओरडत, "अहो, लाईट गेली का?" काका तिकडून, "गेली नाही, घालवली!" घराची भिंत हिरव्या ऑइलपेंटची असली तर तिच्यावर चादर टांगत. एकदा मुलाकडचा मामा लाल फेटा बांधून नवरीला अगदी खेटून बसला होता. काका कॅमेऱ्यातून तोंड बाहेर काढून म्हणाले, "मामा, लांब सरका. तुमच्या फेट्यामुळे पोरीला ताप आल्यासारखा दिसतोय." मामा रुसले. जेवले नाहीत म्हणे.

त्यांची मुख्य ओळख म्हणजे बशी. साधी, चिनी मातीची, नक्षी नसलेली पांढरी बशी. कॅमेऱ्याच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक खोलीत पहिला फोटो बशीचा. नवरीच्या हातात ती द्यायची, तोंडाजवळ धरायला सांगायची, एक फोटो काढायचा, बशी परत घ्यायची. त्यातलं शास्त्र सोपं आहे. बशी पांढरी आहे हे आपल्याला माहीत असतं. फोटोत ती पिवळी दिसली, तर तेवढाच पिवळेपणा साडीवर, भिंतीवर आणि नवरीच्या गालावरही चढलेला असतो. कॉम्प्युटरला ती बशी दाखवायची, हे पांढरं आहे असं सांगायचं, की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात.

पण हे लोकांना कोण सांगणार? लोकांना तो विधी वाटायचा. एका घरात आजीबाईंनी बशीत हळदकुंकू घातलं आणि काकांचा पांढरा तिथेच संपला. कुठे कुणी पेढा ठेवी, कुणी तांदूळ, कुणी सुपारी. एका कुटुंबात थोरलीच्या लग्नात बशी झाली होती. धाकटीच्या लग्नाला दुसरा फोटोग्राफर बोलावला, तर तिची आत्या त्याला म्हणाली, "बशीचा कार्यक्रम राहिला की हो." सातपूरच्याच एका बौद्ध लग्नात मुलाच्या चुलत्यांनी बशी हातात घ्यायला साफ नकार दिला. "हा कुठला विधी? आमच्यात असलं काही चालत नाही."

"विधी नाही," काका म्हणाले, "तपासणी आहे."

"मग हरकत नाही. आणा इकडं, मी धरतो."

नवरीला उजळ करून द्या, ही मागणी प्रत्येक लग्नात यायची. काकांचं उत्तर ठरलेलं. "मी साबण आहे का? दिव्याने चढवलेला रंग मी काढतो. आईबापाने दिलेला काढत नाही." गिऱ्हाईक जायचं. मला राग यायचा, कारण भाडं, पगार, लाईटबिल यांचा विचार शेवटी मलाच करावा लागे. पण काका म्हणजे काका. त्यांच्या कपाटात तीन जातींचे बल्ब होते आणि घरात कांदे नसायचे, असं काकू म्हणत.

चूक कबूल करणं हा प्रकार मात्र त्यांच्याकडे नव्हता. गिऱ्हाइकाने रंगाबद्दल काही म्हटलं, तर त्याचा मोबाईल खोटा, टीव्ही खोटा, घरातली ट्यूब खोटी आणि तरीही तो हटला नाही तर नजर बसलेली नाही. आयुष्यभर ते म्हणत आले, "माणसाचा डोळा फसतो, बशी फसत नाही." आणि मग एके वर्षी ते बशीवरच उलटले.

"ही जुनी झाली, बाई. पिवळी पडलीय."

भांडी बाजारातून नवी आणली. दोन महिन्यांत तीही पिवळी. दुकानदाराशी भांडून आले. त्यांच्याबरोबर मी होते. "शेठ, पांढरी मागितली तर तुम्ही हस्तिदंती देता." दुकानदाराने बशी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काका, याच्याहून पांढरी पाहिजे तर दूध ओता आता तिच्यात." तिसरी आणली. तिच्यावरही विश्वास बसेना. मी कॉम्प्युटरवर बशी दाखवून रंग जागेवर आणायचे आणि काका मागे उभे राहून म्हणायचे, "अजून पिवळं आहे. ओढा." कॉम्प्युटरवरची रंगाची पट्टी मी निळ्याकडे ओढायचे. "अजून." ओढायचे. "आता बरं." एकदा मी म्हटलं, "काका, निळं होतंय हे." तर नजर बसली नसल्याचं कळलं. मालक ते होते. मी ओढत राहिले.

मग मोतीबिंदूचं निघालं. काकूंच्या धोशामुळे ऑपरेशन झालं, आधी उजव्या डोळ्याचं. काळा चष्मा लावून काही दिवस घरी बसले आणि एका सकाळी दुकानात आले. भिंतीवर आमच्या नव्या लग्नांचे मोठे फोटो होते. त्यांनी चष्मा काढला आणि दारातच उभे राहिले.

"बाई, हे फोटो कुणी बदलले?"

"कुणी नाही. तेच आहेत."

त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. माणूस भिंतीपुढे उभा राहून डोळे झाकतोय, उघडतोय, आणि मी अ‍ॅप्रन घालून बघतेय. शेवटी ते स्टुलावर बसले. "सगळ्या गारठल्यात," एवढंच म्हणाले. नवऱ्या म्हणायचं होतं त्यांना.

पिवळी बशी नव्हती. पिवळा त्यांचा डोळा होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली काच पिवळी पडत जाते, आणि ती इतकी सावकाश पडते की पिवळं दिसतंय हे माणसाला कळतच नाही. त्यांनी त्या पिवळ्यावर उतारा म्हणून दोन-तीन हंगामांच्या सगळ्या लग्नांवर निळं ओतलं होतं.

दुसऱ्या माणसाने हे गिळलं असतं. मीसुद्धा तेच सुचवलं. "काका, एकाचीही तक्रार आलेली नाही. पुढच्यापासून नीट करू." ते ऐकेनात. मूळ फोटो सगळे जपून ठेवलेले होते. त्यांनी बशीवरून पुन्हा रंग जुळवून घेतले, निवडक फोटोंच्या नव्या प्रती काढल्या आणि घरोघर जायचं ठरवलं. ऑपरेशनमुळे गाडी चालवायला बंदी. म्हणून माझी स्कूटर, मागे काका, काकांच्या मांडीवर लॅपटॉप आणि बशी.

त्या दिवसांइतकी शरम मला कधी वाटलेली नाही. सिडको, नाशिकरोड, अंबड, जिथे तिथे दार वाजवायचं आणि दार उघडलं की नमस्कार-चमत्कार न करता काका म्हणायचे, "तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी चुकवलेत." लोक घाबरायचे. कुणाला वाटायचं फोटो हरवले, कुणाला वाटायचं पैसे मागायला आलेत. मग अल्बम निघायचा, आणि घरातले सगळे म्हणायचे, "कुठं काय? छान तर आलेत." काका त्यांना पटवायला बसायचे की छान आलेले नाहीत. एके ठिकाणी मुलगी सासर सोडून परत आली होती. तिची आई म्हणाली, "तो अल्बम माळ्यावर टाकलाय आम्ही. तो कुठल्याही रंगाचा असूदे." तरी काकांनी नव्या प्रती दारात ठेवल्या. मी पायऱ्यांवर त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही दुकानाची अब्रू वेशीला टांगताय. उद्या कोण येईल आपल्याकडे?" ते म्हणाले, "स्कूटर काढा."

मखमलाबादच्या पुढे मळ्यातल्या एका घरी गेलो ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. फुलांचा मळा. झेंडू, थोडे गुलाब, कडेने मेथी-कोथिंबीर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आम्ही काढले होते. ओसरीवर चढलो आणि समोरच्या भिंतीवर नवरीचे वडील दिसले. फोटोला हार होता.

तो आमचाच फोटो होता. लग्नातल्या फोटोतून वडलांचा तेवढा कापून मोठा केलेला. फेटा, हसरं तोंड, मागे झेंडूची माळ. आणि चेहरा निळसर, ओठ जांभळट.

मी काकांची बाही ओढली. "आता नको. चला." तेवढ्यात त्यांची बायको बाहेर आली. मी घाईने म्हटलं, "इकडून चाललो होतो, सहज आलो."

काका म्हणाले, "सहज नाही आलो."

बाईंनी पाणी दिलं. मुलगी माहेरी आली होती, ती आतून लेकराला कडेवर घेऊन आली. वडील कसे गेले, हे बाईच सांगू लागल्या. लग्नानंतर दोन महिन्यांत. सकाळी फुलं तोडता तोडता वाफ्यात बसले ते उठलेच नाहीत. हार्ट.

"पन फोटोत बघा ना," त्या म्हणाल्या. "ओठ कसे निळे पडलेत. लग्नातच दुखत असंल त्यांना. बोलले नाय. लय सोसायचे."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकली होती. ती म्हणाली, "मी शेजारीच बसले होते त्यांच्या. दिवसभर. मला फोटो काढायचे होते, साडी सावरायची होती. फोटोत जे सगळ्यांना दिसतं ते मला शेजारी बसून दिसलं नाही."

"झालं, लागली परत," आई म्हणाली. "रोज हेच. त्या फोटोपुढं बसती आन् हेच बोलती. लेकराला दूध पाजायचं भान ऱ्हात नाय."

मी जमिनीकडे बघत होते. मला एकच वाटत होतं, काकांनी तोंड उघडू नये. त्यांनी उघडलं.

"तो निळा रंग तुमच्या वडलांचा नाही. माझा आहे."

दोघींना काही कळलं नाही. काकांनी मोतीबिंदूचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, तरी कळलं नाही. मुलीच्या तोंडावर तर राग दिसायला लागला. समजूत घालायला आलेला माणूस कायबाय बोलतोय, असं तिला वाटलं असणार. मग काका उठले, भिंतीजवळ गेले आणि फोटोतल्या मागच्या माळेवर बोट ठेवलं.

"हा झेंडू कुणाचा?"

"आमचाच," मुलगी म्हणाली. "दुसऱ्याचा कसा असंल?"

"असा असतो तुमचा झेंडू?"

ती पुढे आली. मळ्यातली मुलगी. जन्मापासून झेंडूत वाढलेली. माळ राखाडी दिसत होती, शिळी, पाण्यात कुजल्यासारखी.

"नाय. हा..." ती थांबली.

"तुमचे वडील आजारी होते म्हणून निळे दिसतात. मग हा झेंडू कशाने आजारी होता?"

लेकराने आजोबांच्या फोटोच्या हाराला हात घातला, तो तिने सोडवला. काका मला म्हणाले, "बाई, बशीचा फोटो दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. त्या लग्नातला पहिला फोटो, हात न लावलेला. नवरीच्या हातात बशी आणि तिच्या हाताखाली तिच्या वडलांचा हात. बशी म्हणजे काहीतरी मंगल असणार, असं वाटून त्यांनी तिच्यात स्वतःच्या फेट्यातलं झेंडूचं एक फूल काढून ठेवलं होतं. काका तेव्हा त्यांच्यावर खेकसले होते, "फूल काढा!" आणि ते मनापासून हसले होते. त्या हसण्यातच फोटो निघाला होता. फोटो मंडपातल्या दिव्यांनी थोडा पिवळा होता, पण बशीवरून रंग जुळवला तसा जागेवर आला. उन्हाने रापलेला गहूवर्णी चेहरा, घाम, पान खाऊन लाल झालेले ओठ. आणि बशीत भगवं, टपोरं फूल.

मुलीने बोट स्क्रीनवर टेकवलं. चेहऱ्यावर नव्हे, फुलावर. "हा आपला," ती आईला म्हणाली. "विहिरीकडच्या वाफ्यातला." मग बोट वर, चेहऱ्याकडे सरकवलं.

त्यांना खरंच दुखत नव्हतं का, हे मला माहीत नाही. हृदय फोटोत येत नाही. पण ओठ निळे नव्हते. तेवढं खरं होतं, आणि तेवढं सांगायला तो माणूस तिथवर आला होता. मी मात्र "सहज आलो" म्हणून परत फिरायच्या तयारीत होते. मी फिरले असते, तर ती मुलगी आणखी किती वर्षं त्या निळ्या फोटोपुढे बसली असती?

बाईंनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. नव्या प्रतींतला एक छोटा फोटो मुलीने तसबिरीच्या काचेच्या कोपऱ्यात खोचून ठेवला. मोठा करून आम्ही नंतर पाठवला. निघताना काका ओसरीच्या पायरीवर थांबून म्हणाले, "मला माफ करा." हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्या बाई म्हणाल्या, "अवो काका, डोळ्याचं दुखनं ते. तुमच्या हातात काय व्हतं?" काका म्हणाले, "बशी होती."

स्कूटर गंगापूर रोडला लागली. मग मागून आवाज आला, "बाई, अजून बरीच घरं राहिलीत." मी स्कूटर वळवली.

आता काका नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी दुकान माझ्या हाती दिलं आणि फोटो काढणं सोडलं. विचारलं की म्हणायचे, "मी आता बघायचं काम करतो." बाल्कनीत बसून बघत असायचे. काकू सांगायच्या, "निळा रंग दिसला की हरखून जातात, समोरच्या गॅलरीतली निळी बादलीसुद्धा मला बोलावून दाखवतात." टेम्पो, टायरचं दुकान, करड्या भिंती, सगळं तसंच माझ्याकडे आलं. अ‍ॅप्रन मी बंद केला. बशीही बॅगेतून काढून कपाटात ठेवली. आता कॅमेरे स्वतःच रंग सावरतात, आणि राहिलेलं मी नजरेने करते. माझी नजर बसलेली आहे, असं मी धरून चालले होते.

फोन ठेवल्यावर मी सातपूरचे फोटो उघडले. मला साडी पांढरी दिसत होती. अगदी पांढरी. मग कपाटातून बशी काढली, पुसली आणि खिडकीतल्या उजेडात धरली. पिवळसर दिसली. मनात आलं, जुनी झाली, बरीच वर्षं पडून आहे.

बशी हातात धरून मी तशीच उभी राहिले. मग डावा डोळा झाकला. मग उजवा. दोन्ही डोळ्यांनी ती पिवळीच होती, पण उजव्याने जास्त.

मला कुणी पाहत नव्हतं तरी तोंड लपवावंसं वाटलं. वय झालं की डोळ्यात मोती उतरतो, त्याची लाज नाही. डॉक्टरांकडे जाऊन येईन. लाज वाटली ती त्या फोनची. अल्बम आणि साडी दोन्ही पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला मी सांगत होते की तुला दिसत नाही. तिच्या मुलीची लग्नाची साडी होती ती. त्यांच्यात त्या पांढऱ्याला मान आहे, आणि मी त्याच्यावर नीळ ओतून वर तिलाच शिकवत होते. आणि या प्रकरणाचा शेवट काय होतो, हे मी ओसरीवर उभी राहून पाहिलेलं होतं.

फोन करून सांगता आलं असतं. फोटो दुरुस्त करून पाठवता आले असते. पण कुणाच्या डोळ्याने दुरुस्त करणार?

९ फेब्रुवारी. सकाळी दुकानाला कुलूप लावलं, लॅपटॉप आणि बशी पिशवीत घातली आणि सातपूरला गेले. कॉलनीतलं दुमजली घर. बाई केस पुसत दारात आल्या. मला बघून जरा सावध झाल्या. कालच्या बोलण्यानंतर मी भांडायलाच आले असं त्यांना वाटलं असणार.

"जय भीम, ताई," मी म्हटलं. "तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी चुकवलेत."

त्यांनी दार सताड उघडलं. "या ना, आत तर या."

"आत नको. इथेच बसू, उजेडात. साडी आणता का?"

साडी आली. मी दाराच्या पायरीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, बशी साडीच्या घडीवर ठेवली. बाई शेजारी टेकल्या. बशीकडे पाहून म्हणाल्या, "ही कशाला? चहा ठेवू का?"

"चहा नंतर. आधी सांगा, साडी पांढरी की बशी?"

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "सारखीच आहेत दोन्ही."

"मग आता फोटोत बघा. मी पट्टी ओढते. तुम्ही सांगाल तिथे थांबते."

"मला काय कळतंय त्यातलं, मॅडम?"

"माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

मी पट्टी धरली. त्या आधी साडीकडे बघत, मग फोटोकडे, मग परत साडीकडे.

"अजून," त्या म्हणाल्या. "अजून थोडं."

मला फोटो पिवळा दिसायला लागला होता. मी ओढत राहिले.

"बस्स. आता आमची साडी आली."